सल्ला कुणाला दिलात? सहसचिवपदासाठीच्या एका अर्जाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात एका सीए बाईंचा फोन आला. मी आयकर खात्यात अपील आयुक्त असताना त्या माझ्यापुढे बऱ्याचदा अशिलांची बाजू मांडायला उभ्या राहत. तयारी पक्की, आवाज शांत, आणि मागितलेला कागद फाइलमधून क्षणात काढून समोर ठेवायची सवय. मी निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "सर, यूपीएससीची जाहिरात पाहिलीत? महसूल विभागात सहसचिव. मी अर्ज करू का?"

मी म्हटलं, "आधी फॉर्म भरून मला पाठवा. करायचा की नाही ते मग बोलू."

चार दिवसांनी मसुदा आला. तिथपासून पुढे जे घडलं ते त्यांच्या परवानगीने इथे मांडतो आहे. नाव नको म्हणाल्या, म्हणून त्यांना अर्जदार म्हणतो. फर्म आणि अशील ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

जाहिरात

लॅटरल एंट्री म्हणजे नागरी सेवांच्या बाहेरच्या तज्ज्ञांना केंद्र सरकारच्या वरिष्ठ पदांवर थेट घेणं. पहिली मोठी फेरी २०१८ ची. त्या वर्षी जूनमध्ये सहसचिवांच्या १० पदांसाठी अर्ज मागवले, ६,०७७ आले, आणि एप्रिल २०१९ मध्ये ९ जणांची शिफारस झाली. त्या दहा पदांत महसूल विभाग होता, शिफारस झालेल्या नऊ जणांत मात्र त्या विभागासाठी कुणीच नव्हतं. २०२१ मध्ये ते पद पुन्हा निघालं. त्याच्या जोडीला कृषी आणि वाणिज्य अशी सहसचिवांची आणखी दोन पदं, आणि संचालक पातळीवरची बरीच. अर्जाची मुदत ६ फेब्रुवारी ते २२ मार्च.

सहसचिवासाठी वय ४० ते ५५ आणि किमान १५ वर्षांचा अनुभव. नेमणूक करारावर, तीन वर्षांसाठी. काम चांगलं असेल तर पाच वर्षांपर्यंत वाढ. वेतन स्तर १४ चं, म्हणजे सगळे भत्ते धरून महिन्याला साधारण २ लाख २१ हजार. केंद्र सरकारचे कर्मचारी अपात्र. राज्य सरकारांचे अधिकारी, सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठं, संशोधन संस्था आणि खासगी कंपन्या किंवा सल्लागार संस्थांमध्ये 'तुलनीय पातळीवर' काम करणारे लोक पात्र.

त्या 'तुलनीय पातळी'कडे पुन्हा येतो. सगळ्यात जास्त घाम तिथेच गाळावा लागला.

आधी ही खुर्ची कसली ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आयकरासारख्या प्रत्यक्ष करांचा कारभार महसूल विभागाखालच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाकडे असतो. मंडळात करधोरण आणि कायद्याची एक शाखा आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी वित्त विधेयकात करांच्या ज्या तरतुदी येतात त्या तिथे आकाराला येतात, आणि नेमके शब्द विधी मंत्रालयाबरोबर बसून ठरतात. परदेशी कर आणि करसंशोधनाची शाखा वेगळी. तिच्याकडे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार. या भागात वरिष्ठ पदावर बसणारा माणूस करदात्याला सल्ला देत नाही, तो सरकारला सल्ला देतो. 'इथे असा शब्द घातला तर काय होईल, नाही घातला तर काय होईल' हे फाइलवर लिहून खाली सही करतो. ती सही नंतर वर्षानुवर्षं कोर्टात वाचली जाते.

कागद

अर्जदारांचं वय तेव्हा ४१. सीए, शिवाय एलएलबी. पहिली सहा वर्षं एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी, पुढची अकरा वर्षं चार भागीदारांच्या फर्ममध्ये भागीदार. सतरा वर्षांचा अनुभव, तोही जवळपास सगळा आंतरराष्ट्रीय करांतला. ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमती करासाठी ठरवणं), परदेशी कंपन्यांचं भारतातलं करदायित्व, करारांचा अर्थ लावणं. कागदावर हा माणूस त्या पदासाठीच घडवलेला वाटावा.

पण अनुभव असणं आणि तो सिद्ध करता येणं यात मोठी तफावत असते. छाननी अर्जातल्या माहितीवरूनच होणार, आणि पुढे प्रत्येक दाव्याला कागद लागणार. त्या पहिल्या सहा वर्षांसाठी जुन्या कंपनीने सोडताना दिलेल्या पत्रात फक्त दोन तारखा आणि पदनाम होतं. काम काय केलं यावर एक ओळ नाही. १५ वर्षांची अट पुरी करायची तर ही सहा वर्षं करविषयक कामाची होती हे दाखवणं भागच होतं, कारण भागीदारीची वर्षं अकराच. अर्जदारांनी कंपनीकडे नवं प्रमाणपत्र मागितलं. करोनामुळे माणसं घरून काम करत होती, मनुष्यबळ विभागातली जुनी माणसं बदललेली, पुराव्याच्या फाइली गोदामात. तीन आठवडे रोज एक मेल. मार्चची १८ तारीख उजाडली तेव्हा कामाच्या स्वरूपासह पत्र आलं. मुदतीला चार दिवस उरले होते.

असा अर्ज पुढे कधी करावासा वाटेल अशी शंका जरी मनात असेल, तरी नोकरी सोडतानाच कामाचं स्वरूप लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. निरोपाच्या दिवशी ते पाच मिनिटांत मिळतं. दहा वर्षांनी त्यासाठी कुणाकुणाच्या पाया पडावं लागतं, हे मी या प्रकरणात जवळून पाहिलं.

भागीदाराची अडचण निराळी. त्याला प्रमाणपत्र कोण देणार? स्वतःच स्वतःला कसं द्यायचं? आम्ही भागीदारी करारनामा, सीए इन्स्टिट्यूटकडून मिळणारा फर्मच्या रचनेचा दाखला, दर वर्षीची विवरणपत्रं आणि ज्येष्ठ भागीदाराचं सविस्तर पत्र असा संच तयार केला. भागीदाराचं पत्र पहिल्यांदा आलं ते कौतुकाचं होतं. ते परत पाठवलं. कौतुक नको, अमुक वर्षी अमुक प्रकारची इतकी प्रकरणं, त्यातला अंतिम निर्णय कुणाचा, हाताखाली किती माणसं, एवढंच हवं होतं.

आणि मग 'तुलनीय पातळी'. साठ माणसांच्या फर्ममधला भागीदार हा भारत सरकारच्या सहसचिवाशी तुलनीय कसा? मोठ्या कंपनीचा करप्रमुख सहज म्हणू शकतो की अनेक देशांतल्या करांचा भार माझ्या खांद्यावर आहे. अर्जदारांना तसं म्हणता येत नव्हतं, आणि खोटं फुगवून लिहायची त्यांची तयारी नव्हती, ते फार बरं झालं. आम्ही माणसांची संख्या बाजूला ठेवून जबाबदारीचं वजन दाखवलं. स्वतःच्या सहीने दिलेली मतं, त्यांवर उभे राहिलेले व्यवहार, आणि ती मतं पुढे अपिलात टिकली की नाही. तरीही हा सांधा कच्चा राहिला असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

तो रकाना

आता मुख्य गोष्ट. अर्जात केलेल्या कामाचं वर्णन लिहायचं होतं. पहिल्या मसुद्यात तिथे असं होतं:

"अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांना आंतरराष्ट्रीय करनियोजनाबाबत सल्ला. ट्रान्सफर प्रायसिंगच्या ४० हून अधिक प्रकरणांत अपिलीय मंचांसमोर यशस्वी प्रतिनिधित्व. अशिलांची लक्षणीय करबचत."

शब्दन् शब्द खरा. कुठल्याही फर्मच्या वेबसाइटवर शोभून दिसेल. मी तो वाचला आणि फोन लावला.

"हे वाचणारा माणूस कोण असेल?"

"निवड समिती. ज्येष्ठ अधिकारी, विषयतज्ज्ञ."

"मग त्यांना यातून काय कळेल?"

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "की मी सतरा वर्षं खात्याच्या विरुद्ध लढले आणि जिंकले."

"यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सल्ला कुणाला दिलात हे लिहिलंय, त्यातून कायद्याबद्दल काय शिकलात ते कुठे आहे?"

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण मी त्यांना नुसतं शब्द बदलायला सांगितलं असा कुणाचा समज होईल. अशिलासाठी केलेलं काम लपवून देशसेवेची भाषा वापरणं हा खोटेपणा झाला असता, आणि तो पहिल्याच प्रश्नाला उघडा पडला असता. मला वेगळं हवं होतं. करसल्लागाराकडे एक ज्ञान असतं जे खात्यातल्या माणसाकडे सहसा नसतं: कायद्यातला एखादा शब्द प्रत्यक्ष व्यवहारात कुठे अडतो, लोक त्याला वळसा कसा घालतात, आणि प्रामाणिक माणूस त्यात विनाकारण कुठे सापडतो. सरकारने बाहेरचा माणूस घ्यायचा तो याच ज्ञानासाठी. आणि पहिल्या मसुद्यात नेमकं तेच नव्हतं.

मी सांगितलं, सतरा वर्षांतली एकच तरतूद निवडा, जी तुम्ही आतून-बाहेरून पाहिली आहे. त्यांनी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ९४बी निवडलं.

हे कलम थोडक्यात असं. परदेशी कंपनी भारतातल्या आपल्या उपकंपनीला पैसा दोन वाटांनी पुरवू शकते, भांडवल म्हणून किंवा कर्ज म्हणून. भांडवलावर द्यायचा लाभांश खर्च धरला जात नाही, कर्जावरचं व्याज मात्र खर्च म्हणून नफ्यातून वजा होतं. मग भांडवल नावापुरतं ठेवायचं, कर्ज डोंगराएवढं द्यायचं, आणि इथला नफा व्याजाच्या रूपाने बाहेर न्यायचा. जी-२० आणि ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) यांच्या करगळतीविरोधी प्रकल्पाने २०१५ च्या अहवालांत यावर उपाय सुचवला की व्याजाची वजावट नफ्याच्या १० ते ३० टक्क्यांदरम्यान रोखावी. भारताने २०१७ च्या वित्त कायद्याने ९४बी आणलं आणि मर्यादा ३० टक्के ठेवली. समजा, व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा नफा ५ कोटी आणि परदेशी पालक कंपनीला द्यायचं व्याज ४ कोटी. मग वजावट दीड कोटीचीच, उरलेले अडीच कोटी पुढच्या वर्षांवर, जास्तीत जास्त आठ वर्षांपर्यंत. असं व्याज १ कोटीच्या आत असेल तर कलम लागू नाही. बँका आणि विमा कंपन्या वगळलेल्या.

उद्देश रास्त, रचना सुटसुटीत. पण अर्जदारांनी तीन-चार ठिकाणी तिचा दुसरा चेहरा पाहिला होता. नवा कारखाना पहिल्या वर्षांत नफा कमावत नाही. नफा शून्य, म्हणजे मर्यादाही शून्य. तिथे फसवाफसवीचा प्रश्नच नसतो, तरी सगळं व्याज अडकतं. शिवाय कलमात एक परंतुक आहे: कर्ज तिऱ्हाइताने दिलं, पण पालक कंपनीने त्याला 'स्पष्ट किंवा गर्भित' हमी दिली असेल, तर ते कर्ज पालक कंपनीनेच दिलं असं मानायचं. स्पष्ट हमीचा कागद असतो. गर्भित हमी कशी ओळखायची? बँकेने कर्ज देताना मोठ्या समूहाचं नाव पाहिलंच असणार, मग ती हमी झाली का? आणि देशातल्या बँकेचं कर्जही यात ओढलं जातं का, यावर वाद वेगळाच.

मी त्यांना म्हटलं, "हे सगळं अशिलासाठी तुमचं लिहून झालंय. आता खुर्ची फिरवा. तुम्ही नॉर्थ ब्लॉकमध्ये, अर्थ मंत्रालयात, बसला आहात आणि हेच कलम तुमच्या टेबलावर दुरुस्तीसाठी आलंय."

त्यानंतरचे आठ दिवस आमच्यात जे मसुदे गेले-आले ते माझ्या आयुष्यातल्या समाधानाच्या कामांपैकी आहेत. पहिल्या प्रयत्नात त्यांनी लिहिलं, गर्भित हमीचे शब्द काढून टाकावेत. मी विचारलं, काढले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही अशिलाला काय सल्ला द्याल? त्या हसल्या. लेखी हमी देऊ नका, तोंडी सांगा, असाच सल्ला कुणीही देईल. म्हणजे शब्द काढणं हा अशिलाचा उपाय झाला. दुसऱ्या प्रयत्नात नव्या कारखान्यांना सरसकट सूट मागितली. मी विचारलं, नवा म्हणजे काय? जुनी कंपनी बंद करून नवी काढली तर? तिसऱ्यात त्या वेगळ्याच जागी पोचल्या. सूट देण्याऐवजी पुढे ओढायची मुदत प्रकल्पाच्या उभारणीच्या काळाशी जोडायची, आणि गर्भित हमी सिद्ध करायला अधिकाऱ्याने कुठला पुरावा पाहावा हे नियमात लिहायचं. महसूल कायमचा जात नाही, फक्त पुढे सरकतो. अधिकाऱ्याच्या हाती निकष येतो. प्रामाणिक उद्योग सुटतो.

तीच सूचना सर्वोत्तम होती असं मी म्हणत नाही, त्यातही भोकं आहेत. पण तिन्ही प्रयत्नांतला फरक पाहा. पहिला वकिलाचा, दुसरा उद्योगसंघटनेच्या निवेदनाचा, तिसरा धोरण लिहिणाऱ्याचा. शेवटी रकान्यात गेलं ते असं:

"व्याज वजावटीच्या मर्यादेबाबत (कलम ९४बी) करदात्यांच्या बाजूने सल्ला देताना दोन अडचणी निदर्शनास आल्या: उभारणीच्या काळातील प्रकल्पांत मर्यादा शून्यावर येणे, आणि गर्भित हमी ठरवण्यासाठी निकष नसणे. पहिल्या अडचणीत महसुलाचे संरक्षण होते, पण नफा बाहेर नेण्याशी संबंध नसलेल्या उद्योगांवर भार पडतो. दुसरीत करनिर्धारण अधिकारी आणि करदाता दोघांनाही अनिश्चितता. माझ्या सल्ल्यातील प्रकरणांपैकी काहींत ही अनिश्चितता अशिलाच्या पथ्यावर पडली, हे नमूद करते."

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलं. मी काढायला सांगितलं नाही.

त्याच धर्तीवर आणखी दोन विषय गेले: परदेशी डिजिटल कंपन्यांवरची समकरण आकारणी, जी २०१६ मध्ये जाहिरातींवर ६ टक्के दराने सुरू झाली आणि २०२० मध्ये २ टक्के दराने ई-कॉमर्सलाही लागू झाली, आणि ट्रान्सफर प्रायसिंगमधले आगाऊ किंमत करार, म्हणजे अशा व्यवहारांच्या किमती खात्याबरोबर आधीच ठरवून घेणारे करार, जे २०१२ पासून आहेत. अपिलांत जिंकल्याचा आकडा शेवटच्या ओळीत गेला.

अशील, घर आणि पैसा

अर्ज २१ मार्चच्या रात्री गेला. त्यानंतर मी त्यांना एक कागद करायला सांगितला. तो कुठेही जोडायचा नव्हता, स्वतःसाठी होता. नेमणूक झालीच तर कुठल्या अशिलांची कुठली प्रकरणं त्या शाखेशी भिडतील, याची यादी. ती करताना त्यांच्या लक्षात आलं की तीन अशिलांचे आगाऊ किंमत करारांचे अर्ज मंडळाकडेच पडून आहेत. म्हणजे त्या फाइलींना हात लावता येणार नाही, आणि हे पहिल्याच दिवशी लेखी सांगावं लागेल. फर्ममधून बाहेर पडावं लागेल, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र परत करावं लागेल. पाच वर्षांनी बाहेर आल्यावर तेच अशील परत घ्यायचे का, हा प्रश्न कायद्यापेक्षा मनाचा जास्त.

पैशाचा हिशेब लांबवत नाही. भागीदार म्हणून हाती येणारी रक्कम सरकारी वेतनापेक्षा बरीच जास्त होती. मुलगी नववीत. यजमान म्हणाले, दोन वर्षं मी सांभाळतो, पुढचं पुढे. सासूबाईंनी एवढंच विचारलं की दिल्लीत मुलीला कुठल्या शाळेत घालणार. मला वाटतं या घरातून इतका सरळ पाठिंबा मिळाला नसता तर अर्जदार मुलाखतीपर्यंत तग धरू शकल्या नसत्या, कारण एप्रिल-मेमधल्या करोनाच्या लाटेत त्यांनी घरातलं जवळचं माणूस गमावलं आणि तीन महिने या विषयावर आमचं बोलणंच झालं नाही.

ऑगस्टचं विधेयक

मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या फेरीत सहसचिवपदांसाठी २९५, संचालकपदांसाठी १,२४७ आणि उपसचिवपदांसाठी ४८९, असे एकूण २,०३१ अर्ज होते, आणि मुलाखतीला बोलावलेले २३१. मुलाखती २७ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर.

मधल्या काळात करांच्या जगात मोठी घडामोड झाली. ५ ऑगस्टला लोकसभेत करकायदे दुरुस्ती विधेयक आलं आणि १३ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. परदेशात झालेल्या शेअर-हस्तांतरातून भारतातली मालमत्ता अप्रत्यक्षपणे हात बदलते तेव्हा कर लागतो का, हा जुना वाद. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने पूर्वलक्ष्यी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती करून तो निष्प्रभ केला. नऊ वर्षांनी सरकारने त्या दुरुस्तीखालची करमागणी सोडली. १७ प्रकरणांत मागणी होती, चार प्रकरणांत वसूल झालेले सुमारे ८,१०० कोटी व्याजाशिवाय परत करायचे ठरले.

सराव मुलाखतीत मी पहिला प्रश्न तोच विचारला. २०१२ ची दुरुस्ती चूक होती का?

उत्तर तयार होतं. गुंतवणूकदारांचा विश्वास, निश्चितता, लवादात झालेले पराभव. पाच वाक्यं, सगळी बरोबर.

मी म्हटलं, "आता फेब्रुवारी २०१२. निकाल लागून महिना झालाय. अर्थसंकल्प मार्चमध्ये आहे. मंत्री विचारतात, पर्याय काय? तुम्ही फाइलवर काय लिहाल?"

त्या गप्प झाल्या. व्हिडिओ कॉल होता, पडद्यावर त्यांचं पेन वहीवर टेकलेलं दिसत होतं आणि हलत नव्हतं. मिनिटभराने म्हणाल्या, "सर, मी नेहमी निकालानंतरचं वाचलंय. निर्णयाच्या आधी कधी उभी राहिलेच नाही."

या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाक्य मला हे वाटतं. सल्लागाराचं काम कायदा झाल्यानंतर सुरू होतं. ज्या टेबलावर अजून काहीच ठरलेलं नाही, माहिती अपुरी आहे आणि उद्या सही करायची आहे, त्या टेबलाची सवय बाहेर मिळत नाही. माझ्या आयुष्यातला पहिला असा मसुदा लिहिताना मीही रात्रभर जागलो होतो.

पुढचे दोन आठवडे त्यांनी त्याच एका प्रश्नावर घालवले. पार्थसारथी शोम समितीचा २०१२ चा अहवाल काढून वाचला. पूर्वलक्ष्यी दुरुस्ती अपवादात्मक परिस्थितीतच करावी असं त्या समितीचं म्हणणं, आणि केलीच तर व्याज आणि दंड लावू नये. मग त्यांनी तीन पर्यायांची टिपणी लिहिली. पुढच्या व्यवहारांनाच लागू करणं. मागचे व्यवहार धरणं, पण व्याज-दंडाशिवाय. आणि काही न करता वाट पाहणं. प्रत्येकाखाली महसुलाचं नुकसान, खटल्यांची शक्यता, परदेशी करारांवरचा परिणाम. शेवटी शिफारस पहिल्या पर्यायाची, आणि तिच्याखाली एक ओळ: 'या पर्यायात मागील व्यवहारांतील महसूल कायमचा सोडावा लागेल, ही किंमत मान्य करूनच शिफारस केली आहे.' सतरा वर्षांच्या सल्लागारीत त्यांनी 'महसूल सोडावा लागेल' हे किंमत म्हणून कधी लिहिलं नव्हतं. अशिलाच्या बाजूने तो विजय असतो.

१ ऑक्टोबरला त्या कायद्याचे परताव्याचे नियम निघाले, म्हणजे मुलाखती चालू असतानाच. मी नियमांची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "सकाळीच वाचले, सर."

निकाल

यूपीएससीच्या धोलपूर हाउसमधल्या त्या खोलीत काय विचारलं गेलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये ३१ जणांच्या शिफारशीची यादी आली. त्यांचं नाव नव्हतं. महसूल विभागाचं पद या वेळी मात्र भरलं गेलं.

का झालं नाही, याबद्दल माझं मत माझ्यापुरतं सांगतो. मोठा कारभार चालवण्याचा अनुभव कमी पडला असावा. सहसचिव नुसता तज्ज्ञ नसतो. त्याच्या हाताखाली संचालक, अवर सचिव, आणि संसदेचे प्रश्न असतात. सकाळी आलेल्या तारांकित प्रश्नाचं उत्तर संध्याकाळपर्यंत पाच टेबलांवरून फिरवून आणायचं असतं. साठ माणसांच्या फर्ममध्ये ती कसोटी लागत नाही. ज्यांना असा अर्ज करायचा आहे आणि ज्यांचं वय पस्तिशीत आहे, त्यांनी संचालक पातळीवरचा विचार आधी करावा असं मला वाटतं. त्या फेरीत तिथे १० वर्षांचा अनुभव पुरत होता, आणि विषयाचं ज्ञान थेट कामी येतं.

लॅटरल एंट्रीबद्दलचा मोठा वादही टाळून चालणार नाही. प्रत्येक पद एकल, स्वतंत्र पद मानलं की आरक्षण लागू होत नाही, ही तक्रार माझ्या मते रास्त आहे आणि बाहेरच्या तज्ज्ञांची गरज मानणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये. १७ ऑगस्ट २०२४ ला ४५ पदांची जाहिरात निघाली आणि याच मुद्द्यावरून २० ऑगस्टला मागे घ्यायला सरकारने आयोगाला सांगितलं. अर्जदारांनी ती उघडून पाहिली होती. जाहिरात मागे गेल्याचं कळल्यावर त्यांनी मला फोन केला, दहा मिनिटं बोललो, त्यातलं निम्मं मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाबद्दल होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने १९६१ च्या आयकर कायद्याच्या फेरआढाव्यासाठी लोकांकडून सूचना मागवल्या. सोपी भाषा, कमी खटले, कमी अनुपालन आणि कालबाह्य तरतुदी, असे चार विभाग होते. अर्जदारांनी खटल्यांच्या विभागात कलम ९४बी वर दीड पानाची सूचना पाठवली आणि मला तिची प्रत दिली. वर अशिलाचा उल्लेख नाही, फर्मचं नाव नाही. चार छोटे परिच्छेद आहेत: सध्याचे शब्द, त्यामुळे कुणावर काय भार, बदलल्यास महसूल किती वर्षं पुढे सरकेल, आणि गर्भित हमीसाठी करनिर्धारण अधिकाऱ्याने कुठले तीन कागद मागावेत. तिसऱ्या परिच्छेदात समासाला पेनाने एक खूण केली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'सर, ही किंमत जास्त वाटते का?'

मी तिथे एक आकडा खोडून पान परत पाठवलं.